दुसरा डाग

धुळाच्या डागाची कीर्ती मंगळवेढ्यापासून मैंदर्गीपर्यंत पसरलेली होती आणि ती सगळी अंबुबाईच्या कपाळावर उभी होती. कपाळाच्या दोन्ही कडांना, भुवया संपतात तिथे, हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन गुळगुळीत वण. सोलापुरात मंगळवेढा रोडच्या कडेला त्यांचं घर. दर रविवारी अंगणात डोकेदुखीची माणसं येऊन बसली, की धुळा आधी बायकोला हाक मारी. तिनं हातातलं काम टाकून यायचं, पदर जरा मागं घ्यायचा आणि उजेडात उभं राहायचं.

"बघा," धुळा म्हणे, "लगीन होऊन आली तवा हिचं डोकं असं दुकायचं की भित्ताडावर आपटून घ्यायची. एक डाग दिला. एकच. तवापास्नं नाव न्हाय." मग तिच्याकडे न बघताच विचारी, "व्हय का न्हाय गं?"

"व्हय," अंबुबाई म्हणे आणि परत चुलीकडे जाई.

डोकेदुखी कुठंही गेलेली नव्हती. लग्नाच्या वर्षी दुखत होतं तसंच अजून दुखत होतं. डाव्या डोळ्यामागून सुरू व्हायचं, उजेड नकोसा व्हायचा, फोडणीच्या वासानं पोटात ढवळायचं आणि मग दिवसभर आत कुणीतरी मुसळ घालत बसायचं. फरक इतकाच, की आधी ती कण्हायची आणि डाग दिल्यापासून कण्हत नव्हती. शेळ्यांच्या मागं जाऊन ओकून यायची, चूळ भरायची आणि भाकरी थापायला बसायची. धुळाला हे कधी कळलं नाही, कारण त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं. आपल्या हाताला गुण आहे असं एकदा ठरलं, की पुरुषमाणूस त्याची फेरतपासणी करत बसत नाही.

डाग द्यायची त्याची रीत साधी होती. घोंगडी शिवायचं बापाचं जुनं दाभण, लाकडी मुठीचं. ते शेणीच्या इंगळात लाल करायचं, कपाळाला भंडारा लावायचा, बिरोबाचं नाव घ्यायचं आणि दोन्ही भुवयांच्या कडांना टेकवायचं; दोन्ही मिळून एक डाग. गावाकडं मेंढरं होती तेव्हा हा हात त्यानं मेंढरांवर बसवला होता. मेंढरांनी कधी तक्रार केली नाही, त्यामुळं त्याला चांगलाच धीर आला. पुढं मेंढरं विकली, मुलाच्या मागं तो शहरात आला, अंगणात थोड्या शेळ्या आणि हातात दाभण तेवढं उरलं. पैसा मात्र तो कुणाकडून घेत नसे. नारळ घ्यायचा, गुण आला म्हणून कुणी टॉवेल-टोपी आणली तर ती डोक्याला लावून घ्यायचा आणि छाती काढून म्हणायचा, "माज्या डागाला दुसऱ्यांदा कोण येत न्हाय. एकदा आला, की बरा झाला." खरंच दुसऱ्यांदा कुणी येत नसे.

अशा घरात पूनम सून होऊन आली, जेऊरहून. नवरा धनाजी टेम्पो चालवायचा. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचे कारखाने गल्लोगल्ली. त्यांचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवायचं त्याचं काम. पूनम त्यातल्याच एका कारखान्यात शिवणीला लागली आणि बघता बघता कटिंगच्या टेबलापर्यंत पोचली. कटिंग म्हणजे कापडाचे थरावर थर रचायचे आणि विजेच्या सुरीनं सगळे एकदम कापायचे. हात चुकला, की शंभर पोरांच्या चड्ड्या एका फटक्यात वाया. हे काम बाईमाणसाला कुणी देत नाही. पण मालक महेश्वर अण्णांनी तिचा हात बघितला होता. ते म्हणाले, "यंदाच्या सीझनला टेबल तुझं. पण मधेच डोकं धरून बसलीस, तर परत काजं-बटणं."

कारण पूनमचंही डोकं दुखायचं. तेच, डोळ्यामागून, ओकारीसकट. हे कळलं तेव्हा धुळाला कोण आनंद झाला. घरचाच पेशंट, तोही तरणा! "काळजीच सोड पोरी," तो म्हणाला, "येत्या रविवारी तुझं काम करून टाकतो."

"मला डाग नको, मामा," पूनम म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. भाजीत मीठ नको म्हणावं तसं म्हणाली आणि उठून गेली.

अंबुबाई चुलीपुढं बसली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नको म्हणे! इतकं सोपं असतं होय? तिच्या वेळेला 'नको' हा शब्द घरात कुणी ठेवलाच नव्हता. आम्ही सोसलं आणि ही कालची पोरगी मान वर करून नको म्हणते. तिला सुनेचा राग आला आणि रागाच्या खाली हेवाही होता. तो तिला स्वतःलाही नीट दिसत होता आणि त्यामुळं ती आणखीच चिडली. भाकरी करपली.

मग पूनमनं कुठून तरी माहिती काढली आणि फेब्रुवारीत सगळी वरात सात रस्त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. अंबुबाईही गेली, सुनेला एकटीला सोडायचं नाही म्हणून. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. डोकं पूनमचं होतं, पण त्यांनी सगळं धनाजीकडे बघून सांगितलं आणि धनाजीनं एकही अक्षर न कळता प्रत्येक वाक्याला मान हलवली. सांगितलं ते असं : हे एक छोटं मशीन. कपाळावर भुवयांच्या मधोमध वर चिकटवायचं. तिथली नस हलक्या करंटनं हळूहळू शांत करायची, म्हणजे मेंदू उठसूट भडकत नाही. डोकं उघडावं लागत नाही, सुई नाही. रोज वीस मिनिटं, किमान तीन महिने. "आणि मुख्य म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "दुखत नसतानाही लावायचं. दुखणं येऊच नये म्हणून आहे हे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण बऱ्याच जणांचे अटॅक कमी होतात."

उठताना त्यांचं लक्ष अंबुबाईच्या कपाळाकडे गेलं. भंडाऱ्याच्या पिवळ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ते दोन वण.

"आजी, हे काय? तुमचंही डोकं दुखतं का?"

अंबुबाईचं डोकं त्या घटकेलाही ठणकत होतं. बाहेरच्या ट्यूबलाइटनं तिचा जीव अगदी नकोसा केला होता. "न्हाय," ती म्हणाली. "माजं गेलं. कवाच गेलं."

"छान," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मशीन घरात आलं आणि घराला नवा तमाशा मिळाला. बिल्ल्याएवढी पांढरी डबी, तिच्यासाठी एक चिकट पट्टी. पट्टी कपाळाला लावायची, तिच्यावर डबी ठेवली की लोहचुंबकासारखी टपकन बसायची. दिवेलागणीला कारखान्यातून आली, की पूनम कपाळावरची टिकली काढायची, कपाळ साबणानं धुवायची, पुसायची आणि डबी लावून वीस मिनिटं भिंतीला टेकून बसायची.

"ऐन दिव्याच्या टायमाला भुंडं कपाळ!" धुळा अंगणातून ओरडे. "नवरा जिता हाय न्हवं का तुजा?"

धनाजी आत-बाहेर बघे आणि दोन्हीकडे हसे. या माणसाला बापानं दाभण दिलं नाही आणि आईनं कणा दिला नाही, असं अंबुबाईला कधी कधी वाटे. टिकली काढली म्हणून नवरा मरत असता, तर सोलापूरच्या निम्म्या बायका आंघोळीला घाबरल्या असत्या. हे तिला कळत होतं. तरी तीही बोलायला मागं राहिली नाही. "कपाळाला करंट लावून घेतीया," ती शेजारच्या बाळाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. "आन् ते बी दुकत नसताना! पोट भरलेलं असताना जेवावं, तशातली गत."

बाळाबाई खिदळायची. पूनम डोळे मिटून बसायची आणि डबीनं पीं केलं की उठून टिकली लावायची. तिनं ना कुणाला समजावलं, ना कुणाशी भांडण काढलं. अंबुबाईला त्याचाच जास्त राग यायचा.

होळी झाली, पाडवा झाला. सोलापूरचं ऊन जे काही करायचं ते करायला लागलं. पत्रा तापला, रस्ता तापला, शेळ्या सावलीसाठी भिंतीला चिकटून बसल्या. याच दिवसांत अंबुबाईचं डोकं सगळ्यात वाईट असायचं. आणि याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की पूनम पडलेली नाही. पूर्वी आठवड्याला एकदा तरी अंथरूण धरायची. आता एकदाच जरा घेरलं, गोळी घेतली आणि दुपारनंतर कामावर गेली. कटिंगच्या टेबलावर उभी राहत होती. अण्णांनी तिला मदतीला दोन माणसं दिली होती, पुरुष! घरी येऊन हे सांगताना पूनम पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

अंबुबाईनं तोंड वाकडं केलं. पण त्या दिवसापासून तिची नजर कोनाड्यातल्या डबीवरून हलेना.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. धुळा देवळात पत्ते बघत बसला होता. अंबुबाईच्या डाव्या डोळ्यामागं मुसळ सुरू झालं होतं. तिनं दाराला कडी घातली. आपण काय करतोय याची तिला इतकी लाज वाटत होती, की शेळीनं बें केलं तरी ती दचकली. डबी काढली, पट्टी उचलली, पूनम लावायची तशीच कपाळावर मधोमध दाबली.

भंडाऱ्यावर.

तो भंडारा पुसायचा हे तिच्या डोक्यातही आलं नाही. रविवारी सकाळी धुळा स्वतःच्या हातानं लावायचा. देवाचा, आणि वर नवऱ्याच्या हातचा. तो आपण होऊन झडेल तेव्हा झडेल. पट्टी चिकटेना म्हणून तिनं आणखी दाबली. बटण चाचपलं. एकदम मिरच्यांचा चटका बसावा तसं कपाळात चर्र झालं आणि अंबुबाईनं घाबरून डबी ओढून काढली. बिरोबा कोपला, हाच पहिला विचार. दुसरा विचार पट्टी बघून आला. पट्टीचा पारदर्शक डिंक पिवळाधमक झाला होता. पिठात लोळवलेला गोळा जसा कशालाच चिकटत नाही, तशी ती पट्टी कोरडी ठणठणीत पडली होती. तिनं नखानं खरवडली, ओल्या फडक्यानं पुसली. उलट ती जास्तच बिघडली. शेवटी होती तशी कोनाड्यात ठेवली आणि कडी काढून भांडी घासायला बसली.

संध्याकाळी पूनमनं पट्टी उचलली. दिव्याखाली धरून उलटसुलट करून बघितली.

"मामांनी हे लावून बघितलं होतं का?"

"मी?" धुळा तीन ताड उडाला. "मी त्या खेळण्याला हात तरी लावीन का? माज्या दारात लोकं मैंदर्गीपास्नं येतात!"

"भंडारा लागलाय ह्याला."

"मग देवाचाच हाय की तो. बरंच झालं, जरा पावन झालं."

अंबुबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. एक शब्द बोलायचा होता, मी. तो तोंडात आला, तिथंच फिरला आणि तिनं तो गिळून टाकला. इतक्या वर्षांत गिळायची सवय तर चांगलीच झाली होती.

नव्या पट्ट्या पुण्याहून मागवल्या. त्या येईपर्यंत पूनमनं पट्टी चिकटटेपनं लावून बघितली, फडकं बांधून बघितली. डबी मध्येच सरकायची आणि बंद पडायची. रोज संध्याकाळी ती धनाजीला विचारायची, "पार्सल आलं का?" आणि धनाजी म्हणायचा, "येईल की." सीझन ऐन भरात होता. कारखान्यात दिवे, कापडाचा कोंडा, सुरीची घरघर. ऊन तर विचारूच नका.

शनिवारी दुपारी धनाजीनं तिला टेम्पोत घालून घरी आणलं. कटिंग टेबलावर कापडाचे थर लावता लावता तिच्या डोळ्यांपुढं चमकायला लागलं होतं. तिनं आपणहून सुरी बंद केली, मदतनिसाला हाक मारली आणि खाली बसली. डोक्याला ओढणी करकचून बांधलेली, चेहरा राखेसारखा. आतल्या खोलीत तिला निजवलं, खिडकीला घोंगडी लावली. पट्टी नसती बिघडली तर हे झालं नसतं, असं कुणी डॉक्टरही छातीठोक सांगू शकला नसता. पण अंबुबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं स्वतःच स्वतःला दोषी धरलं होतं आणि ती सूप घेऊन उगाच निवडलेलेच तांदूळ निवडत बसली.

रविवार उजाडला तरी पूनमचं थांबलं नव्हतं. आणि अंगण तर भरायला लागलं होतं. मैंदर्गीचा रामहरी आला होता, बायको बजाबाईला घेऊन. गेल्या वर्षी तिला डाग दिला होता. आता तो मानाची टॉवेल-टोपी घेऊन आला होता. "तवापास्नं एकदा बी डोकं म्हणाली न्हाय बगा, धुळाबापू," तो मोठ्यानं सगळ्यांना सांगत होता. बजाबाई त्याच्या मागं, पदर नाकापर्यंत ओढून, गप्प.

धुळानं टोपी घातली. टॉवेल खांद्यावर टाकला. मग आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

"मशीन हरलं न्हवं?" त्याचा आवाज आनंदानं भरून आला होता. "आता तरी ऐक. एक मिनिटाचं काम."

 आतून पूनमचा आवाज आला. विहिरीच्या तळातून यावा तसा, ओळखूही न येणारा. "काय बी करा, मामा. पण हे थांबवा."

अंबुबाई दारातच होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं. हेच. शब्दाला शब्द हेच ती म्हणाली होती. नवी नवरी होती, सासूनं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं आणि ती म्हणाली होती, काय बी करा. पुढं आयुष्यभर धुळा लोकांना सांगत आला, की हिनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतला डाग. बुडणारा माणूस हात वर करतो, त्याला हे लोक टाळी मागतोय समजतात.

धुळा इंगळ फुंकायला गेला. अंबुबाई आत शिरली आणि पूनमच्या उशाशी बसली.

"पूनम. पोरी. असं म्हणू नगंस."

 तिचे ओठ सुकले होते. तिच्या भुवयांच्या कडांना कातडी कशी मऊ, कशी कोरी होती. अंबुबाईनं तिथं अंगठा ठेवला. मग उठली आणि धनाजीला गाठलं. तो टेम्पोला टेकून उभा होता. आत बापाला नको म्हणायला लागू नये म्हणून बाहेर, आणि बाहेर लोकांनी विचारू नये म्हणून टेम्पोआड.

"पार्सल कुटं हाय?"

"कसलं?"

"पट्ट्यांचं."

धनाजीनं डोकं खाजवलं, टेम्पोचं दार उघडलं आणि समोरच्या कप्प्यातून एक पुडकं काढलं. वर उन्हानं तडकलेली चिकटपट्टी. "आलंय कवाचं. तिचं डोकं दुकत नव्हतं न्हवं, म्हणलं काय घाई हाय."

अंबुबाईनं मुलाकडे बघितलं. पंचवीस शिव्या जिभेवर आल्या आणि एकही पुरेशी वाटली नाही. शिवाय पहिली शिवी तिलाच लागली असती. तिनं पुडकं हिसकावून घेतलं आणि मोरीत गेली. तिथं बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

अंगणात शेणी फुलल्या होत्या. दाभणाचं टोक काळ्याचं तांबडं आणि तांबड्याचं केशरी व्हायला लागलं होतं. सुनेला डाग द्यायच्या आधी लोकांना नेहमीचं दाखवायला हवं होतं. रविवारचा तो नेमच होता. धुळा लोकांकडे तोंड करून मांडी घालून बसला, नव्या टोपीत.

"अगं ए, ये भाईर!"

पाठीमागं तिची पावलं वाजली. नेहमीच्या जागी थांबली.

"बघा," धुळा लोकांना म्हणाला, "लगीन होऊन आली तवा हिचं डोकं असं दुकायचं, की भित्ताडावर आपटून घ्यायची. एक डाग दिला. एकच. तवापास्नं नाव न्हाय. व्हय का न्हाय गं?"

"न्हाय."

लोक धुळाकडे बघत नव्हते. सगळे त्याच्या मागं बघत होते. धुळा वळला.

अंबुबाईचं कपाळ धुतलेलं होतं. भंडारा नव्हता, कुंकू नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं ते कपाळ असं उघडं कधी बघितलं नव्हतं. मधोमध पांढरी डबी चिकटलेली आणि दोन्ही कडांना, काही झाकायला नसल्यानं, ते दोन वण चकचकत होते.

"अगं, मी जिता हाय की अजून!" धुळा किंचाळला.

"जगा की. कोण नगं म्हणतंय," अंबुबाई म्हणाली. "कोऱ्या कपाळाबिगर हे चिकटत न्हाय. त्या दिशी पिवळं मी केलं हुतं. तुमचा भंडारा पुसायचं धाडस झालं न्हाय म्हणून पट्टी गेली आन् पट्टी गेली म्हणून पोरगी आत लोळतीया. माजं डोकं गेलं न्हाय. काल दुकत हुतं. परवा दुकत हुतं. लगीन झालं त्या वर्सापास्नं दुकतंय. ह्या मशीननं जाईल का, मला ठावं न्हाय. तुमच्या डागानं न्हाय गेलं, एवढं ठावं हाय."

 धुळाच्या डोक्यावरची नवी टोपी एका बाजूला कलली होती. त्याला काय झोंबलं असेल ते असो, बायको इतकी वर्षं दुखण्यात होती हे त्याला झोंबलं नाही. त्याला झोंबलं ते लोकांपुढं बोलली हे.

"खोटारडे! मग इतकी वर्सं, दर रविवारी, ह्या लोकांम्होरं गेलं गेलं का म्हणत हुतीस?"

अंबुबाईनं इंगळातल्या दाभणाकडे बघितलं.

"दुसरा डाग द्याल म्हणून," ती म्हणाली.

  रामहरी घसा खाकरून हसला. "काकूंचं ऱ्हाऊ द्या, बापू. वयामुळं काय बी बोलतात बायका. आमच्या हिचं तर खरंच गेलंय. सांग की गं सगळ्यांना. गेलंय का न्हाय?"

बजाबाईनं पदर वर केला. तिच्याही भुवयांच्या कडांना दोन वण होते, अजून गुलाबी. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, अंबुबाईकडे बघत नव्हती. इंगळात दाभण केशरी झालेलं होतं, त्याच्यावर तिची नजर होती.

"गेलंय," ती घाईघाईनं म्हणाली. "व्हय. पार गेलंय."

"बघा!" धुळा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं दाभणाची मूठ धरायला हात पुढं केला.

अंबुबाईनं ती त्याच्याआधी धरली. तिनं दाभण उचललं, तसे पुढचे लोक मागं सरकले. धुळाही सरकला, सगळ्यांत जास्त. ती त्यांच्यातून वाट काढत शेळ्यांच्या पाण्याच्या घमेल्यापाशी गेली आणि दाभण पाण्यात खुपसलं. चर्र आवाज झाला, वाफ निघाली, शेळ्या दावं ओढून बाजूला झाल्या. काळंठिक्कर पडलेलं ते लोखंड तिनं तिथंच घमेल्यात सोडून दिलं. मग ओले हात पदराला पुसत ती बजाबाईपुढं येऊन बसली. कपाळावरची डबी अजून चालू होती.

"आता सांग, बाई," ती म्हणाली.

बजाबाईनं एकदा घमेल्याकडे बघितलं. 

"येताना गाडीतबी दुकत हुतं," ती म्हणाली. "आत्ता बी दुकतंय."